हळू की भरभर

ओपल रॅन्सडेलचा बाप हर्शेल म्हणजे घरात मुका आणि वखारीत धबधबा. अमेरिकेतल्या केंटकीत, कॅरलटनच्या तंबाखूच्या वखारींमध्ये तो लिलाव पुकारायचा. नोव्हेंबरच्या अखेरीला नदीकाठच्या त्या लांबलचक वखारींमध्ये सुकवलेल्या तंबाखूच्या चळती ओळीने लागत. ओळीच्या एका बाजूने सिगारेट कंपन्यांचे खरेदीदार चालत, दुसऱ्या बाजूने हर्शेल, आणि त्याच्या तोंडून आकडे असे सुटत की नवख्याला वाटावं ह्याला झपाटलंय. कुणी डोळा मिचकावला, कुणी कान खाजवला, की सौदा झाला. पाच-सहा सेकंदांत एक चळत. हाच माणूस घरी जेवायला बसला की मीठसुद्धा बोटाने दाखवून मागायचा.

ओपल त्याची एकुलती एक. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून ती त्याच्या मागेमागे ओळींतून फिरली आणि घरी येऊन शेंगा सोलताना तोच पुकारा म्हणायला लागली. तिला तो हुबेहूब जमायचा. पण बाईने लिलाव पुकारायचा, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही येणार नव्हतं. बापाने मात्र एकदा तिला जवळ बसवून गुपित सांगितलं.

"लोकांना वाटतं, कुणाला काही कळू नये म्हणून मी भरभर बोलतो. तसं नसतं ग. ज्याला हवं त्याला कळतंच. शेतकरी शेगडीपाशी गप्पा छाटत उभा असतो, माझ्याकडे पाठ करून. पण त्याची स्वतःची चळत आली की आकडा बरोब्बर त्याच्या कानात पडतो. बाकीच्यांना नुसता सूर."

आयुष्यात इतकं लांबलचक तो तिच्याशी एवढंच बोलला असेल. ह्या विद्येचा लेकीला कुठे उपयोग होणार आहे हे त्याला कळलं असतं, तर त्याने काय केलं असतं कुणास ठाऊक. बाप्टिस्ट माणूस, दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा.

एकोणिसाव्या वर्षी ओपलचं लग्न झालं आणि विसाव्या वर्षी, आठव्या महिन्यात, तिच्या पोटातलं बाळ हलायचं थांबलं. १९८२ साल. तिला गुंगी दिली गेली. शुद्धीवर आली तेव्हा सगळं आवरून झालं होतं. नवऱ्याने, लायलने, कागदावर सही केली होती आणि हॉस्पिटलनेच पुढचं बघितलं होतं. ओपलने उशाशी बसलेल्या नर्सला एकच विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

नर्सने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "ते न कळलेलंच बरं, पोरी. विसरून जा. वय आहे अजून तुझं."

बाई मनाने वाईट नव्हती. तेव्हाची रीतच ती. पण चांगल्या मनाने दिलेला घाव भरून येत नाही, कारण त्यावर रागावताही येत नाही. लायललाही ठाऊक नव्हतं. त्याने विचारलंच नव्हतं. दोन वर्षांनी तो ओहायो नदीपलीकडे इंडियानात निघून गेला, आणि ओपल लुइव्हिलला येऊन सोनोग्राफी शिकली. हेच का, असं कुणी विचारलं की ती सांगायची, "पगार बरा आहे." खरं कारण एवढंच, की तिला आत बघायचं होतं.

सव्वीस वर्षं तिने एका मोठ्या हॉस्पिटलच्या सातव्या मजल्यावर बाळं दाखवली. हे नाक, हा पाठीचा कणा, ही बघा लाथ मारली. तिची एक खोड होती. प्रत्येक आईला ती बाळाची बोटं मोजून दाखवायची, मोठ्याने, एक ते दहा. बाहेर रांग लागलेली असो की डॉक्टर खोळंबलेला असो, दहा झाल्याशिवाय ओपल पुढे जायची नाही.

पुढे गुडघे बोलू लागले. रोज बारा तासांची पाळी झेपेना, तेव्हा तिने हॉस्पिटल सोडलं आणि शहराच्या मध्यवस्तीतल्या एका दवाखान्यात आठवड्याचे तीन दिवस काम धरलं. गर्भपाताचा दवाखाना. साऱ्या केंटकी राज्यात असे दोनच उरले होते. चर्चमधल्या बायकांनी तिच्या हातचा केक घेणं बंद केलं. ब्रदर एल्वुड तर रविवारी चर्चमध्ये तिच्या शेजारी उभा राहून भजनं म्हणायचा आणि एरवी दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर पाटी घेऊन उभा असायचा.

"ओपल, देव बघतोय!" तो ओरडायचा.

"बघू दे की. स्क्रीन मोठी आहे माझी," असं म्हणत ओपल आत जायची.

मग तो कायदा आला. दोन-अडीच वर्षं कोर्टकचेऱ्यांत अडकला आणि शेवटी लागू झाला. गर्भपाताआधी सोनोग्राफी करायचीच. पण तेवढ्यावर भागत नव्हतं. करणाऱ्याने स्क्रीन बाईकडे वळवायची, ठोके ऐकवायचे, आणि जे जे दिसेल ते तिथल्या तिथे बोलून सांगायचं: लांबी किती, हातपाय आहेत का, आतले अवयव दिसतात का. बाईला मान फिरवायची मुभा होती. ठोक्यांचा आवाज बंद करा, असं सांगायचीही मुभा होती. पण बोलणाऱ्याला गप्प बसायची मुभा नव्हती. समोरची बाई कोण, कशासाठी आली, कुणामुळे आली, ह्याच्याशी कायद्याला कर्तव्य नव्हतं. कानाला पापण्या नसतात, हे कायदा करणाऱ्यांना चांगलंच माहीत असावं.

पहिले तीन दिवस ओपलने कार्डावरची यादी समोर ठेवून नीट, सावकाश सांगितलं. तीच नाकाडोळ्यांची भाषा, जी सातव्या मजल्यावर ऐकून बायका हसायच्या. इथे त्या छताकडे बघत राहायच्या. चौथ्या दिवशी डोंगराकडच्या एका गावातून, दुकानात गल्ल्यावर बसणारी, तीन लेकरांची आई आली. टेबलावर आडवी होत ती म्हणाली, "किती वेळ चालतं हो हे? तिन्ही लेकरांच्या वेळी ऐकलंय मी, तुम्हाला मीच म्हणून दाखवते."

ओपल कार्डाकडे बघत राहिली. कायद्याने सांग म्हटलं होतं. किती वेगाने, ते कुठेच लिहिलं नव्हतं. आणि चाळीस वर्षांनी तिच्या तोंडून बापाचा पुकारा सुटला: "एकच गर्भ गर्भाशयात आठ आठवडे दोन दिवस लांबी सतरा मिलिमीटर ठोके एकशेसाठ हाताच्या कळ्या पायाच्या कळ्या..." असा की दोन शब्दांमधून सुई जाऊ नये. बाई आधी दचकली, मग पोटावर ते गार जेल असतानाच खो खो हसत सुटली. हसता हसता रडली. कायदा पाळून झाला होता, अकरा सेकंदांत.

त्या दिवसापासून ओपल प्रत्येकीला एकच विचारायची: "हळू की भरभर?"

काही जणी हळू म्हणायच्या. त्यांना बघायचं असायचं, ऐकायचं असायचं. त्यांना ओपल हॉस्पिटलातल्याइतक्याच मायेने सांगायची. त्यातल्या दोघी-तिघी टेबलावरून उठून घरी निघून गेल्या, बाळ ठेवायचं म्हणून. ओपलने त्यांना कोट घालायला मदत केली. ती कुणाच्या बाजूची नव्हती. टेबलावर जी असेल तिच्या बाजूची. पण बहुतेक जणी भरभर म्हणायच्या.

व्हायचं तेच झालं. कुणीतरी तक्रार केली आणि फ्रँकफर्टहून, राजधानीतून, पत्र आलं. वर्णन कुणाला कळणार नाही अशा रीतीने केलं जातं असं समजतं. पुढच्या मंगळवारी तपासणी होईल. तोवर प्रत्येक वेळी खोलीत एक साक्षीदार हवा, आणि 'वर्णन स्पष्ट, सावकाश ऐकवले' ह्याखाली त्याची सही हवी. नाहीतर परवाना जाईल.

दवाखाना चालवायची रेनीटा. चौतिशीची, दोन मुलांची आई, पश्चिम लुइव्हिलमध्ये वाढलेली, जिभेने तिखट आणि कामात चोख. पत्र तिने ओपलसमोर ठेवलं. "मिस ओपल, मला तुमचा पुकारा आवडतो. पण कुलूप लागलं तर राज्यात एकच दार उरेल. साक्षीला मीच बसते. आता फक्त हळू. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी," ओपल म्हणाली. आणि तिने शब्द पाळला.

पाळला, आणि बुधवारी एक पंधरा वर्षांची पोर आली. सोबत आत्या, हातात न्यायाधीशाची परवानगी. हे कुणी केलं, ते तिने रेनीटाला कागदावर लिहून दिलं होतं. तोंडाने उच्चारलं नव्हतं. टेबलावर निजल्यावर तिने डोळे मिटले आणि दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबले. ओपलने पहिला शब्द उच्चारला, तशी ती गुणगुणायला लागली. शाळेच्या बँडमध्ये वाजवतात ती कवायतीची धून. ओपल हळू सांगत होती, पोर मोठ्याने गुणगुणत होती. लांबी. ठोके. हात. पोरीचा आवाज चढत गेला, तरी ओपलने कार्डावरची शेवटची ओळ संपवली. रेनीटाने सही केली.

नंतर ओपल मागच्या खोलीत हातमोज्यांच्या खोक्यावर जाऊन बसली. "रेनीटा, आज मी त्या लेकरावर जे केलं, ते मला माझा देव विचारणार आहे."

"देव विचारेल तेव्हा विचारेल, मिस ओपल. फ्रँकफर्टवाले मंगळवारी विचारणार आहेत." एवढं बोलून रेनीटा तिच्याशेजारी खोक्यावर टेकली आणि तीही रडली.

शनिवारी शेल्बी वुल्ड्रिज आली. लिचफील्डकडची, एकतीस वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. करोनाच्या साथीचे दिवस, त्यामुळे नवऱ्याला आत सोडत नव्हते. ट्रेंट बाहेर पिकअपमध्ये बसून होता. दोनदा गर्भ पडल्यानंतर हा तिसरा टिकला होता. सतरा आठवडे. खोलीला पिवळा रंग देऊन झाला होता. आणि मग कळलं की बाळाच्या डोक्याची कवटी वरून बनलेलीच नाही, जन्मल्यावर ते तासभरही जगणार नाही. चार ठिकाणी चार सोनोग्राफ्या झाल्या. चौघांनी तेच सांगितलं. त्यांच्या हॉस्पिटलात पुढचं करत नव्हते, म्हणून ती इथे आली होती. आदल्या दिवशी फोनच्या पडद्यावर तिचं कायद्याने सक्तीचं समुपदेशनही झालं होतं. बाळाच्या खर्चाची जबाबदारी बापावर टाकता येते, असं तिला वाचून दाखवलं गेलं, तेव्हा ट्रेंट तिचा हात धरून शेजारीच बसला होता. त्याने म्हणे मान डोलावली.

"मला सगळं ठाऊक आहे," टेबलावर निजत शेल्बी म्हणाली. "ही पाचवी वेळ. प्लीज, पुन्हा सांगू नका."

कोपऱ्यातल्या खुर्चीत रेनीटा फॉर्म घेऊन बसली होती. ओपलने तिच्याकडे बघितलं. मग शेल्बीकडे वळून म्हणाली, "हळू की भरभर?"

"मिस ओपल..." रेनीटा म्हणाली.

"मी हिला विचारतेय." ओपल खाली वाकली. "मला बोलणं भाग आहे, पोरी. पण माझा बाप तंबाखूचा लिलाव पुकारायचा. भरभर म्हणालीस तर एक अक्षर कळणार नाही."

शेल्बीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "माझे आजोबा तंबाखू लावायचे. खरंच येतं तुम्हाला?"

"खरंच येतं."

"मग भरभर." तिने मान भिंतीकडे वळवली.

रेनीटाने पेनाला टोपण लावलं. ती आता सही करणार नव्हती, आणि सहीविना हा फॉर्म मंगळवारी फ्रँकफर्टवाल्यांच्या हातात पडणार होता. दोघींनाही ते कळत होतं. ओपलने पोटावर यंत्र टेकवलं आणि सुरू केलं: "एकच गर्भ गर्भाशयात सतरा आठवडे तीन दिवस ठोके एकशेएकावन्न हृदयाचे चार कप्पे पोट मूत्रपिंडं दोन हात दोन्ही हातांना बोटं मांडीचं हाड..."

"थांबा."

ओपल थांबली.

"बोटं म्हणालात?"

"हो."

शेल्बीची मान अजून भिंतीकडेच होती. "बोटांचं कुणी सांगितलं नाही मला. चौघांनी डोक्यावर बाण काढला आणि तिथेच थांबले. आहेत?"

"आहेत."

"मोजा."

ओपलने यंत्र हलवलं. आवाज तिने सातव्या मजल्यावरचाच काढला. एक. दोन. तीन. पाचाला शेल्बी भिंतीपासून वळली आणि तिने पहिल्यांदा स्क्रीनकडे पाहिलं. दुसरा हात अंगाखाली दडला होता. ओपल थांबून राहिली, घाई केली नाही. हात बाहेर आला. सहा, सात, आठ, नऊ, दहा.

"डोक्याचंही सांगा," शेल्बी म्हणाली. "आता चालेल."

ओपलने आवाज न बदलता, जसे हात सांगितले तसंच डोकंही सांगितलं. एका वाक्यात. शेल्बीचे डोळे वाहत होते. ती ते पुसत नव्हती.

"मुलगा आहे की मुलगी?"

कार्डावर अशी ओळ नव्हती. कायद्याला ह्यात रस नव्हता. ओपलने यंत्र थोडं खाली सरकवलं आणि नीट, दोनदा बघितलं. चुकून चालणार नव्हतं.

"मुलगी आहे, पोरी."

"हॅटी," शेल्बी स्क्रीनकडे बघून म्हणाली. "आजीचं नाव." थोड्या वेळाने तिने मान पुन्हा भिंतीकडे वळवली. "आता बंद करा."

ओपलने बंद केलं. कोपऱ्यात टोपण उघडल्याचा आवाज झाला. रेनीटाने 'दहा बोटे मोजून दाखवली' असं लिहून सही केली, आणि त्या सहीत खोटं काही नव्हतं.

मंगळवारी दोघे तपासनीस आले. त्यांनी दारांची रुंदी मोजली, औषधांच्या फ्रिजचं तापमान बघितलं, मग फॉर्म चाळायला बसले. त्यातल्या वयस्क बाईंनी शेल्बीचा फॉर्म वर काढला. "हे बघा, किती छान केलंय. बोटंसुद्धा मोजलीत. सगळ्यांचं असंच हवं."

"तिने मागितलं म्हणून मोजली," ओपल म्हणाली.

"मागायचा प्रश्न येतो कुठे? कायद्यात सांगायचं आहे. विचारायचं नाहीये." बाईंनी एक कागद पुढे केला. 'यापुढे प्रत्येक रुग्णास सावकाश वर्णन ऐकवीन. वेगाबाबत पसंती विचारणार नाही.' खाली सहीची जागा. सही झाली की तक्रार निकालात निघणार होती.

रेनीटाने डोळ्यांनी विनवलं. सही करा, पुढचं पुढे बघू. ओपलला ते कळलं. तिला हेही कळलं, की सही करून पुन्हा भरभर म्हणायचं तर प्रत्येक खोटं रेनीटाच्या नावाखाली जाणार. आणि खरंच हळू म्हणायचं, तर ती कवायतीची धून रोज ऐकावी लागणार. लिलावाच्या घरात वाढलेल्या बाईला सौदा कधी तुटतो हे समजतं. तिने कार्ड टेबलावर ठेवलं, शेजारी किल्ली ठेवली आणि खुंटीवरचा कोट घेतला.

"मी नाही, तर तक्रारही नाही," ती तपासनीस बाईंना म्हणाली. "दवाखान्याचा परवाना राहू द्या."

त्यांनी राहू दिला.

फुटपाथवर ब्रदर एल्वुडने तिला भरदिवसा कोट घालून बाहेर पडताना बघितलं आणि पाटी बगलेत मारून हात आभाळाकडे उचलले. "ओपल! सोडलंस? मी रोज प्रार्थना करत होतो तुझ्यासाठी!"

"मी सोडलं म्हणून इथलं काही थांबत नाही, एल्वुड. फक्त आता सगळ्यांना हळू ऐकावं लागेल. त्यांच्यासाठी कर प्रार्थना."

गाडीपाशी ती पोचली तेव्हा मागून रेनीटा धावत आली. हातात ओपलचा विसरलेला स्वेटर. ती खूप रागावलेली होती आणि तो राग कुणावर काढावा हे तिला उमगत नव्हतं.

"खोटी सही नको, इतकं पाळायचं होतं तर कार्डाबाहेरचं कशाला बोललात त्या दिवशी? मुलगी आहे म्हणून? ते ऐकून ती बाई मोडून पडली असती तर?"

"तिने विचारलं ग."

"विचारलं म्हणून लगेच सांगायचं?"

ओपलने स्वेटर घेतला, घडी घातली, उलगडला, पुन्हा घडी घातली. एकोणचाळीस वर्षांत तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं, बापालाही नाही.

"मीही विचारलं होतं," ती म्हणाली.